हलक्या रिव्हॉल्वरसाठी काडतुसं कशी निवडायची (.३८ स्नबनोजवाल्यांसाठी)

अमेरिकेत आपली बरीच मंडळी ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप झाली की पहिली हँडगन म्हणून छोटं हलकं, आखूड नळीचं रिव्हॉल्वर (ह्यालाच स्नबनोज म्हणतात) घेतात, खिशात बसतं, वापरायला सोपं वाटतं, दुकानदारही हेच हातात देतो. मग प्रश्न येतो की यात भरायचं काय? दुकानात भिंतभर पेट्या लावलेल्या असतात, प्रत्येकीवर काहीतरी आकडे आणि भारी भारी नावं, आणि काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा सगळ्यात जोरकस पेटी पुढे सरकवतो. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, हलक्या रिव्हॉल्वरला सगळ्यात पॉवरफुल काडतूस चुकीचं असतं. ज्याचे पाचच्या पाच राउंड तुम्ही स्वतः पटापट आणि नेमक्या जागी मारू शकता, आणि जे पुरेसं खोल जातं, ते काडतूस बरोबर. ह्या दोन अटी एकदम पाळणारी काडतुसं फार नाहीत, त्यामुळे निवड वाटते तेवढी अवघड नाहीये.

आधी कायद्याचं, कारण ह्यात आपले लोक खरंच अडकू शकतात. एच-वन-बी किंवा दुसऱ्या कुठल्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं बंदूकच काय, एक काडतूस बाळगायलाही बंदी आहे, वैध हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. लायसन्सवाल्या डीलरकडनं हँडगनचं अ‍ॅमो घ्यायला वय २१ लागतं. आणि न्यू जर्सीत राहणाऱ्यांनी (एडिसनकडे आपली किती वस्ती आहे माहितीच आहे) नीट लक्षात ठेवा, तिथं होलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या) गोळ्या घरात ठेवता येतात, रेंजवर नेता येतात, पण कमरेला लावून फिरायला साधारणपणे परवानगी नाही. म्हणजे टेक्सासमधल्या मित्रानं सुचवलेली पेटी तिथं जशीच्या तशी चालणार नाही. आपल्या राज्याचा नियम आधी बघा, मग खरेदी.

आता हलकं म्हणजे किती हलकं ते बघू. स्मिथ अँड वेसनचं ६४२ एअरवेट घ्या, अ‍ॅल्युमिनियम अलॉयची फ्रेम, रिकामं असताना सव्वाचारशे ग्रॅमच्या आत, पाच राउंड, नळी दोन इंचांच्या आत. रुगरचं एलसीआर .३८ मध्ये साधारण ३८५ ग्रॅम. आणि स्मिथचंच ३४० पीडी, स्कँडियम मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम आणि टायटॅनियमचं सिलिंडर (काडतुसं भरायचं फिरतं चाक), ते ३३० ग्रॅमच्या आसपास, आणि एवढ्याशा वजनात ते .३५७ मॅग्नमसारखं जोरकस काडतूसही झेलतं. जुनं स्टीलचं मॉडेल ३६ साडेपाचशे ग्रॅमच्या घरात असायचं. दिसायला सगळी सारखीच, पण हातात फरक जमीन-अस्मानाचा, कारण मागे येणारा झटका वजनावर ठरतो. गोळी आणि बारूद जेवढा जोर घेऊन पुढे जातात तेवढाच जोर रिव्हॉल्वर घेऊन मागे येतं, वजन निम्मं केलं तर त्याच काडतुसाची रिकॉइल एनर्जी (झटक्याची ऊर्जा) दुप्पट होते. मी रफ हिशोब करून बघितला तर ६४२ मधनं १३५ ग्रेनच्या प्लस पी राउंडला (ग्रेन आणि प्लस पी म्हणजे काय ते खाली सांगतो) साधारण ६ फूट-पाउंड येतात, आणि ३४० पीडीमधनं १२५ ग्रेनच्या फुल मॅग्नमला २० च्या आसपास, म्हणजे तिपटीच्या वर. ते मॅग्नम तळहातावर नुसतं लागत नाही, ग्रिप हातातच फिरते आणि दुसऱ्या राउंडआधी पकड पुन्हा जमवावी लागते.

त्यात चाप. अशा रिव्हॉल्वरचा डबल अ‍ॅक्शन (एकाच ओढीत घोडा मागे नेऊन सोडणारा) चाप ओढायला पाच-साडेपाच किलोचा जोर लागतो, म्हणजे रिव्हॉल्वरच्या स्वतःच्या वजनाच्या दहापटीहून जास्त. एवढा जोर लावताना एवढी हलकी वस्तू स्थिर ठेवणं हेच मुळात अवघड काम आहे. त्यावर दणकट काडतूस घातलं की दुसऱ्या-तिसऱ्या राउंडला माणूस आधीच दचकायला लागतो, हात खाली मारतो आणि गोळी जमिनीकडे जाते. नवीन माणसाचं टार्गेट पेपर बघा, पहिली गोळी मध्यावर आणि बाकीच्या खाली डावीकडे (उजव्या हातानं मारणाऱ्याच्या), तर समजायचं की काडतूस हाताला झेपत नाहीये.

पेटीवर काय वाचायचं ते आता सांगतो. पहिलं कॅलिबर (काडतुसाचं माप), आणि ते पेटीवर नाही तर नळीवर कोरलेलं वाचायचं. .३८ स्पेशल हे एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीचं काडतूस, .३५७ मॅग्नम १९३० च्या दशकातलं, आणि मॅग्नम त्याच काडतुसाची लांब केलेली आवृत्ती आहे. त्यामुळे .३५७ च्या रिव्हॉल्वरमध्ये .३८ स्पेशल आरामात चालतं, उलटं मात्र कधीच नाही. मॅग्नमची पुंगळी (काडतुसाचं धातूचं आवरण) लांब असल्यामुळे .३८ च्या चेंबरमध्ये (सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात) सहसा बसतच नाही, आणि एखाद्या जुन्या रिव्हॉल्वरमध्ये बसली तरी मारायची नाही. नुसतं ".३८ एस अँड डब्ल्यू" लिहिलेलं काडतूस वेगळं, आखूड आणि जाड, नाव ऐकून गोंधळू नका.

दुसरं म्हणजे प्रेशर. साध्या .३८ स्पेशलला सामीची (अमेरिकन दारूगोळा उद्योगाची स्टँडर्ड ठरवणारी संस्था) मर्यादा १७,००० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक), प्लस पी ला २०,०००, आणि .३५७ मॅग्नमला थेट ३५,०००. आकड्यांवरनं कळेल की प्लस पी म्हणजे काही राक्षस नाही, थोडंसं वरचं पाऊल आहे, मॅग्नम मात्र वेगळ्याच गावचं. हल्लीच्या ६४२ च्या नळीवर प्लस पी कोरलेलं असतं, एलसीआरही प्लस पी ला रेटेड आहे. जुनं एअरवेट कुणाकडनं सेकंडहँड घेतलं असेल आणि नळीवर प्लस पी नसेल तर त्यात साधीच काडतुसं, ह्यात दुसरा विचार करू नका. आणि प्लस पी प्लस असं डबल लिहिलेलं दिसलं तर पेटी जागेवर ठेवून द्या, कारण त्याला सामीचं काही स्टँडर्डच नाही, बनवणाऱ्यानं किती प्रेशर ठेवलंय हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

तिसरं ग्रेन. हे गोळीचं वजन असतं, बारुदाचं नाही, बऱ्याच जणांचा इथं घोळ होतो. ७००० ग्रेनचा एक पाउंड, म्हणजे १५८ ग्रेनची गोळी साधारण सव्वादहा ग्रॅमची आणि ११० ग्रेनची सात ग्रॅमची. हलक्या रिव्हॉल्वरच्या मॅन्युअलमध्ये ह्या आकड्याबद्दल सूचना असू शकते, ती वाचलीच पाहिजे. ३४० पीडीच्या नळीवर तर १२० ग्रेनपेक्षा हलकी गोळी वापरू नका असं कोरलेलंच असतं. हलक्या मॅग्नम काडतुसात बारूद भरपूर असतं आणि न जळलेले कण सिलिंडरच्या तोंडाशी जाऊन आपटतात, त्यानं टायटॅनियम खरवडलं जातं. टायटॅनियमचं सिलिंडर असलेल्यांनी आणखी एक, काळे डाग घालवायला घासणी किंवा अ‍ॅब्रेसिव्ह क्लीनर लावू नका, वरचा थर गेला की सिलिंडर गेलं. काळे डाग राहिले तर राहू द्या, त्यानं काही बिघडत नाही.

आता मुख्य मुद्दा, होलो पॉइंट का वॅडकटर (चपट्या तोंडाची गोळी)? होलो पॉइंट गोळी आत गेल्यावर उमलावी म्हणून बनवलेली असते, पण उमलायला वेग लागतो, आणि दोन इंचाच्या नळीत तो वेगच मिळत नाही. पेटीवर छापलेला वेग बहुतेक वेळा चार इंची नळीचा असतो, तुमच्या स्नबनोजमधनं तो बराच कमी येतो. मग दोनपैकी एक होतं. एकतर पोकळीत कापड भरतं आणि गोळी न उमलता साध्या गोळीसारखी आरपार जाते, नाहीतर कंपनीनं वेग वाढवायला गोळी फार हलकी केलेली असते आणि ती लवकर उमलून उथळ जागी थांबते. उथळ थांबणं जास्त वाईट. १९८६ साली मायामीत एफबीआयची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, त्यात एकाला लागलेली ९ एमएमची गोळी हृदयापर्यंत पोचायच्या आधीच थांबली आणि तो त्यानंतरही लढत राहिला, दोन एजंट त्या दिवशी मारले गेले. त्यानंतर एफबीआयनं जिलेटिनच्या ब्लॉकवर टेस्ट करायची पद्धत बसवली, किमान १२ इंच आणि जास्तीत जास्त १८ इंच खोली, आणि आज तुम्ही बघता ते सगळे जेल टेस्टचे व्हिडिओ तिथनं आलेत. ते माप सर्व्हिस पिस्तुलांसाठी होतं, पण छोट्या रिव्हॉल्वरसाठीही लोक तेच धरतात आणि धरावंच.

म्हणून स्नबनोजसाठी मला सगळ्यात पटतं ते १४८ ग्रेनचं वॅडकटर. चपट्या तोंडाची शिशाची गोळी, पुंगळीत पूर्ण आत बसलेली, वरनं बघितलं तर नुसतं सपाट करडं शिसं दिसतं. मुळात पेपर टार्गेटला स्वच्छ गोल भोक पाडण्यासाठी बनवलेलं काडतूस. पेटीवरचा वेग ७०० फूट प्रति सेकंदाच्या आतबाहेर, म्हणून दुकानदार नाक मुरडतो. पण ही गोळी उमलण्यावर अवलंबूनच नाही, सपाट कडेनं कापत जाते, जेलमध्ये खोली चांगली येते आणि झटका एवढा कमी की ज्यांच्या मनगटात फार जोर नाही त्यांनाही पाच राउंड सलग मारता येतात. फेडरल कंपनीचं गोल्ड मेडल मॅच घ्या किंवा दुसऱ्या नावाजलेल्या कंपनीचं घ्या. टार्गेटचं काडतूस स्वसंरक्षणाला कसं, असं विचारणारे खूप भेटतील, त्यांना ६४२ मधनं पाच वॅडकटर आणि पाच प्लस पी घड्याळ लावून मारायला सांगा आणि दोन्ही पेपर शेजारी ठेवा. आणि वर न्यू जर्सीचं म्हटलं ना, तिथल्या लोकांना तर वॅडकटरमुळे होलो पॉइंटचा प्रश्नच उरत नाही.

वॅडकटरची एकच खरी अडचण आहे, रीलोड करताना. सपाट कड चेंबरच्या तोंडाशी अडते, स्पीडलोडर किंवा स्पीड स्ट्रिपनं (काडतुसं एकत्र धरून पटकन भरायची साधनं) भरताना काडतुसं सहज आत सरकत नाहीत, घाईत तर नाहीच. ह्याला सोपा उपाय म्हणजे रिव्हॉल्वरमध्ये वॅडकटर आणि खिशातल्या स्ट्रिपमध्ये गोल किंवा टोकदार गोळीवाली काडतुसं. मात्र दोन्हीच्या गोळ्या एकाच जागी लागतात का ते रेंजवर बघून घ्या.

हाताला प्लस पी झेपत असेल तर स्पीअरचं गोल्ड डॉट शॉर्ट बॅरल १३५ ग्रेन घ्या. हे काडतूस छोट्या नळीसाठीच डिझाइन केलंय, पोकळी मोठी आहे, कंपनी सांगते तो ८६० फूटचा वेग दोन इंची नळीतलाच आहे, म्हणजे आकडा फसवा नाही. फेडरलचं एचएसटी मायक्रो १३० ग्रेन प्लस पी पण चांगलं आहे, त्यात गोळी पुंगळीत पूर्ण आत बसवलेली असते, पहिल्यांदा बघणाऱ्याला काडतूस अर्धवट बनलंय असं वाटतं, तसं नाहीये, ते तसंच असतं. फक्त रीलोडची अडचण त्यालाही वॅडकटरसारखीच. झटका कमी हवा पण होलो पॉइंटच हवं असेल तर हॉर्नेडीचं क्रिटिकल डिफेन्स ११० ग्रेन, साध्या प्रेशरचं, टोकाला लाल रबरी भरण असते म्हणून कापड अडकत नाही आणि चेंबरमध्ये सुळकन जातं. त्याहून हलक्या गोळ्यांच्या वाटेला मी जाणार नाही, खोली कमी पडायला लागते. आणि जुने लोक सांगतात ते १५८ ग्रेनचं मऊ शिशाचं होलो पॉइंट प्लस पी, ज्याला एफबीआय लोड म्हणतात, ते चार इंची स्टीलच्या रिव्हॉल्वरमध्ये उत्तम आहे, पण चारशे ग्रॅमच्या खेळण्याएवढ्या फ्रेममध्ये झटकाही मोठा आणि खाली सांगतोय ती भानगडही.

ही भानगड म्हणजे गोळी पुढे सरकणं, आणि हे फक्त हलक्या रिव्हॉल्वरवाल्यांनाच जास्त बघावं लागतं. राउंड सुटतो तेव्हा रिव्हॉल्वर झटक्यानं मागे येतं, बाकीच्या काडतुसांच्या पुंगळ्या कडेला धरलेल्या असल्यानं रिव्हॉल्वरबरोबर मागे ओढल्या जातात, पण पुंगळीतली गोळी जड असते, ती जागेवरच राहायला बघते. पुंगळीच्या तोंडाची पकड सैल असेल तर प्रत्येक झटक्याला गोळी थोडी थोडी बाहेर येते, आणि शेवटी सिलिंडरच्या पुढच्या तोंडातनं एवढी डोकावते की सिलिंडर फिरायचंच थांबतं. मग रिव्हॉल्वर तिथल्या तिथं बंद, आणि हे रेंजवर नीट करायलाही वेळ लागतो, अडचणीच्या वेळी तर विषयच नको. तपासायची पद्धत सोपी आहे. नवीन काडतूस घेतलं की पाच भरा, पाचव्यावर मार्करनं पुंगळी आणि गोळीच्या सांध्यावर बारीक रेघ मारा, चार राउंड मारा, पाचवं बाहेर काढून न मारलेल्या काडतुसाशेजारी टेबलावर उभं करा. लांबी तीच आणि रेघ तुटलेली नाही तर ठीक. तेच पाचवं परत पुढच्या चारांबरोबर भरून पुन्हा बघा. जरा जरी सरकलेलं दिसलं तर ते काडतूस तुमच्या रिव्हॉल्वरसाठी बाद, कितीही महागाचं असो. नुसत्या शिशाच्या जड गोळ्या आणि मॅग्नम इथं जास्त नापास होतात. ९ एमएमची छोटी रिव्हॉल्वरं येतात त्यांच्यात पण हे बघितलंच पाहिजे, कारण पिस्तुलाच्या काडतुसाला गोळी घट्ट धरणारी ती वळवलेली कड नसते.

नेमाबद्दल थोडं. ह्या रिव्हॉल्वरची साइट फिक्स असते, स्क्रू फिरवून वरखाली करता येत नाही, त्यामुळे गोळी कुठे लागणार हे काडतुसावरनं ठरतं. जड आणि हळू गोळी नळीत जास्त वेळ राहते, तोवर तोंड वर उचललं जातं, म्हणून ती वर लागते, हलकी आणि वेगवान गोळी खाली. सात यार्डावर फरक थोडा असतो, पंधरावर चांगला दिसतो. म्हणून टेबलावर हात टेकवून सावकाश दोन्ही-तिन्ही काडतुसं मारून बघा, आणि जे साइटच्या टोकावर लागतं त्याला एक मार्क जास्त द्या.

पुंगळ्या बाहेर काढायचं पण बघा, हे कुणी सांगत नाही. आखूड नळीमुळे इजेक्टरचा (रिकाम्या पुंगळ्या बाहेर ढकलणारा) दांडाही आखूड, .३८ ची पुंगळी पूर्ण बाहेर ढकलली जात नाही, आणि जास्त प्रेशरच्या काडतुसाच्या पुंगळ्या फुगून चिकटतात. मग एखादी अर्धी आत राहते, पुंगळ्या ढकलणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या पट्टीखाली अडकते, आणि नखानं उपसत बसावं लागतं. नळी सरळ वर करून दांड्यावर तळहातानं एकच जोरदार फटका, हळूहळू दाबायचं नाही. साध्या प्रेशरच्या काडतुसांच्या पुंगळ्या बहुतेक आपोआप घरंगळतात, वॅडकटरच्या बाजूनं हाही एक मुद्दा.

ज्यांना .३८ पण जड जातंय, वय झालंय किंवा मनगटाला त्रास आहे, त्यांनी .३२ कडे बघा. .३२ एच अँड आर मॅग्नम १९८४ चं, मधे लोक विसरले होते, आता २०२४ मध्ये स्मिथनं त्यात नवीन हलकी मॉडेल काढली आणि पुन्हा विचारणा सुरू झाली. सहा राउंड बसतात, झटका .३८ पेक्षा कमी, आणि त्यातच .३२ एस अँड डब्ल्यू लाँग पण चालतं. हेच .३२ लाँग आपल्याकडे भारतात लायसन्सवाल्या रिव्हॉल्वरचं काडतूस आहे, २०१४ साली कानपूरच्या कारखान्यानं काढलेलं निर्भीक, टायटॅनियम अलॉयचं, अर्ध्या किलोचं, तेही ह्यातलंच. भारतात काडतुसात निवड करायला फारसा वावच नाही, जे लायसन्सवर मिळतं ते आणि ठरलेल्या संख्येत, त्यामुळे तिथल्या भावाला वरची नावं सांगून काही उपयोग नाही. पॉइंट बावीसचं एलसीआरही येतं, आठ राउंड, झटका जवळजवळ नाही, सरावाला झकास, पण रिमफायर (ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेत असलेलं) काडतूस अधनंमधनं फुसकं निघतं म्हणून .३२ जमत असेल तर तेच बरं.

खरेदी करताना स्वसंरक्षणाची पेटी बहुतेक २० किंवा २५ ची येते आणि महाग असते, म्हणून सरावाला ५० च्या पेटीतलं १३० ग्रेन एफएमजे (धातूचं वेष्टण असलेल्या साध्या गोळीचं) घ्या. पण असं करू नका की महागाच्या पेटीतली पाच भरली आणि कपाटात ठेवून दिली. निवडलेल्या काडतुसाच्या निदान दोन पेट्या स्वतः मारा, तोवर ते निवडलंय असं म्हणता येत नाही. कानाला प्लग आणि वरनं मफ दोन्ही लावा, आखूड नळीचा आवाज बंद रेंजमध्ये भयंकर असतो आणि दचकण्यातलं निम्मं दचकणं आवाजाचंच असतं. शिशाच्या गोळ्या मारल्यावर खाण्यापिण्याआधी साबणानं हात धुवा.

रिव्हॉल्वरमध्ये भरून ठेवलेली काडतुसं वर्षभरानं रेंजवर मारून टाका आणि नवीन भरा. खिशातला घाम, कापडाचे धागे, ह्यूस्टनसारखी दमट हवा, सगळं लागतं त्यांना. सिलिंडरमध्ये तेल सोडायचं नाही, पातळ तेल प्रायमरमध्ये (बुडाच्या ठिणगी देणाऱ्या भागात) शिरलं तर काडतूस मरतं. उरलेली पेटी थंड कोरड्या जागी, कुलपात, घरात मुलं असतील तर रिव्हॉल्वर आणि काडतुसं दोन्ही कुलपात, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये उन्हाळाभर नको.

आणि भारतात जायच्या आधी ज्या बॅगेतनं रेंजला जाता ती बॅग प्रवासाला घेऊ नका, जॅकेटचे खिसे पण उलटे करून बघा. मुंबईच्या विमानतळावर बॅगेत एक जिवंत काडतूस सापडलं तरी आर्म्स अ‍ॅक्टखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, तिथं अमेरिकेतलं लायसन्स दाखवून काही होत नाही. रेंजसाठी वेगळी, लाल नाहीतर केशरी, दुसऱ्या कशालाच न वापरायची बॅग घ्या आणि घरच्यांनाही ती कुठली ते सांगून ठेवा, कारण सामान भरताना रिकामी दिसेल ती बॅग उचलणारे घरचेच असतात.